जातीने बटावी

रोम, नदीपलीकडे
डिसेंबरचा मध्य, इड्सनंतरचा दुसरा दिवस

प्रिय बहीण लौबा,

उन्हाळ्यात आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे. उशीर झाला, फारच झाला, त्याबद्दल माफ कर. कारण म्हणून पुढे करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पत्र नेणारं माणूस मिळत नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. काहीतरी चांगलं घडेल, मग त्या बातमीसकट लिहू, असं मी दर आठवड्याला ठरवत होतो. रोजनिशी मात्र रोज लिहीत होतो, म्हणजे लिहिण्याचा कंटाळा नव्हता. तुला लिहायचं धैर्य होत नव्हतं, एवढंच.

तू विचारलं होतंस, आम्ही परत येऊ म्हणून वरच्या खोलीला चुना देऊन ठेवू का, आणि आपल्या हाल्डावोला त्या छपराखाली ताठ उभं राहता येईल का. नाही येणार. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, तरी दारातून जाताना तो मान वाकवायचा. इथे येऊन तो आणखी वाढला. भरतीच्या दिवशी कारकुनाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाव लिहिलं मॅकर, म्हणजे हडकुळा. मला त्याच कारकुनाने हिलारस, म्हणजे हसरा, असं नाव दिलं होतं. इथे आपली नावं कुणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी नवी देतात, आणि देणाऱ्याला तेवढीच करमणूक. हाल्डावोला त्याचं नाव आवडायचं. दारू प्यायला बसला की समोरच्याला सांगायचा, "मी हडकुळा, तर आमच्या गावाकडचा लठ्ठ माणूस कसा असेल, कल्पना कर."

नवा सम्राट आल्याची आणि त्याने आल्या आल्या आम्हा अंगरक्षकांना घरी पाठवल्याची बातमी तुमच्याकडे पोचली असेलच. कारण कुणी नीट सांगितलं नाही. कुणी म्हणतं आम्ही जुन्या सम्राटाला फार चिकटून होतो. कुणी म्हणतं आम्ही तिसऱ्याच कुणाला गादीवर बसवायला निघालो होतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, पण इथे हल्ली दोन्ही एकदम खरं मानतात. मी या गोष्टीचा बराच विचार केला. आम्हाला ठेवलं होतं ते परक्या मुलखातले म्हणूनच. इथे आमचा काका नाही, मामा नाही, सासुरवाडी नाही, म्हणून आम्ही विकले जाणार नाही, असा तो हिशेब होता. आणि काढलं तेही त्याच कारणासाठी, परक्यांचा काय भरवसा म्हणून. आम्ही काही वेगळं वागलो असतो तर वाचलो असतो का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. उत्तर नाही असंच येतं, आणि ते पटत नाही.

छावणी आता दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. घोडे नेले. मी एका परटाच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली हौदात लोकरीचे कपडे तुडवतात, त्यासाठी शहरभरातून मूत गोळा करून आणतात, आणि तो वास जिन्याने वर येतो. सुरुवातीला घास गिळवत नव्हता. आता त्या वासाचं काही वाटत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. हाल्डावो माझ्याबरोबर नाही. तो नदीच्या मुखाशी, समुद्राजवळच्या एका मिठाच्या कोठारात कोंडलेला आहे, आणि आजारी आहे. त्याने कुणाला मारलं नाही, चोरी केली नाही. त्याने एका प्रश्नाला एक शब्द उत्तर दिलं. तो शब्द तुला समजावा म्हणून थोडं मागून सांगावं लागेल. तू कंटाळू नकोस. मी लहानपणापासून गोष्ट लांबवतो, हे तुला ठाऊक आहे.

या शहरात आम्हा सगळ्यांना बटावी म्हणतात. आमच्यात बटावी जास्त, हे खरं. ऱ्हाईनच्या मुखाजवळच्या बेटावरचे ते लोक, कर म्हणून रोमला धान्य देत नाहीत, मुलगे देतात, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. पण आमच्यात आपल्यासारखे उबी होते, फ्रिसी होते, अलीकडे-पलीकडचे आणखी कितीतरी होते. शहराला त्याचं काय. पिवळे केस दिसले की बटावी. छावणीच्या कोपऱ्यावर एक पाववाली होती. मी पहिल्या वर्षी तिच्या दुकानाच्या दारात उभा होतो तर म्हणाली, "ए बटावी, बाजूला हो, उजेड येऊ दे." मी म्हटलं, "मावशी, मी बटावी नाही, उबी आहे." ती म्हणाली, "तेच ते. उबी असलास तरी उजेड अडतोच आहे ना?" पुढे वीस वर्षं मी तिच्याकडूनच पाव घेतला आणि तिने मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

छावणीच्या आत मात्र प्रत्येकाला आपली जात पक्की माहीत होती. आमच्या अंगरक्षकांच्या मंडळाची दफनाची जागा होती, तिथल्या दगडांवरचा मजकूर बरीच वर्षं मीच लिहून द्यायचो. बाबांनी मला लुग्दुनुमला वक्तृत्वाच्या शाळेत घातलं, त्या शिक्षणाचा इथे झालेला हा उपयोग. मजकूर ठरलेला असायचा. अमुक, सम्राटाचा अंगरक्षक, अमक्याच्या तुकडीतला, जातीने अमुक. नाव कारकुनाने दिलेलं, तुकडी आज आहे उद्या नाही, त्यामुळे दगडावर माणसाचं स्वतःचं असं एकच उरायचं, जात. मरायला टेकलेली माणसं मला बोलावून तेवढंच बजावायची. एक म्हातारा फ्रिसी शेवटपर्यंत माझा हात सोडत नव्हता. "फ्रिसी लिही बरं का. शहाणपणा करून बटावी लिहू नकोस."

आपल्या जातीला तिथे फार मान नव्हता, हे तुला सांगायला हवं. बटावी पोरं आम्हाला चिडवायची, "उबी म्हणजे बापाचं नाव टाकून राणीचं नाव लावणारे." आपल्या वसाहतीला रोमच्या राणीचं नाव दिलं ते आपल्याला विचारून दिलं नव्हतं, पण टोमणा मारणाऱ्याला तेवढा तपशील लागत नाही. मला ते लागायचं नाही. मी हसून सोडून द्यायचो, माझं नावच हसरा. हाल्डावोला लागायचं. त्याने भांडण केलं नाही. तो त्यांच्यातच जाऊन बसायला लागला. त्यांच्यासारखं घोड्याच्या मानेला धरून, अंगावर चिलखत ठेवून नदी पार करायला शिकला. इमेरिक्स नावाचा एक बटावी तुकडीप्रमुख आहे, दाढीत पांढरं आलेला, त्याने त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. पुढे बटाव्यांच्या पैजेत हाल्डावो बटाव्यांना मागे टाकायचा, आणि तेच त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत उभा राहायचो. मला अभिमान वाटायचा की हेवा, हे तेव्हाही ठरवता आलं नाही.

आणखी एक गोष्ट. राजवाड्याच्या दारावर पहारा असला आणि पलीकडून कुणी आलं, की आतून विचारायचं, "कोण?" आणि आमच्यातल्या कुणीही, मग तो कुठल्याही जातीचा असो, उत्तर एकच द्यायचं, "बटावी." म्हणजे आपला माणूस, तलवार राहू दे. त्याचा बेटाशी संबंध नव्हता. जसं कुणी "मी सुतार" म्हणावं तसं ते होतं. मी, फ्रियाट्टो, गास्टिनचा मुलगा, उबी, हे उत्तर इतक्या वेळा दिलं आहे की झोपेत कुणी हटकलं असतं तरी तेच दिलं असतं.

ज्या दिवशी आम्हाला मोकळं केलं त्या दिवशी छावणीच्या पटांगणात मेजं मांडली होती. रांगेने पुढे जायचं, शस्त्र ठेवायचं, नाव सांगायचं, जात सांगायची, परवाना घ्यायचा. जात कशाला विचारतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वाटलं, घरी पोचवण्यासाठी वाटा वाटून देत असतील. मी पुढे होतो. कारकुनाने मला व्यवस्थित विचारलं, "जात?" मी म्हटलं, "उबी." परवाना मिळाला आणि मी भिंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. रांग लांब होती, ऊन होतं, कारकून कंटाळला. हाल्डावोची पाळी आली तोवर त्याने प्रश्न आखूड करून टाकला होता. मानही वर न करता तो म्हणाला, "कोण?"

आणि हाल्डावो टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "बटावी."

मी ते ऐकलं, लौबा. त्याचा आवाज पटांगणभर जातो. मला काहीही खटकलं नाही. माझ्याही कानाला ते उत्तर बरोबरच वाटलं. पुढे त्याला उजवीकडच्या रांगेत नेलं तेव्हा मला वाटलं, इमेरिक्सशी दोन शब्द बोलायला गेला असेल.

मग कळलं. बटाव्यांच्या बेटावर काही शिजतं आहे, त्यांच्या मोठ्या माणसांना बेड्या पडल्या होत्या, तिकडचे पोरगे बिथरले आहेत, अशा बातम्या होत्या. राजवाड्याचा कोपरान्‌कोपरा माहीत असलेले बटावी अशा वेळी घरी जाऊ द्यायचे नाहीत, असं वर कुणीतरी ठरवलं. बाकीच्यांनी खुशाल जावं. उबींनी तर जावंच, आपली वसाहत रोमची लाडकी. जन्मभर या शहराने आम्हाला चाळून पाहिलं नाही, सगळे बटावी. त्या एका दिवशी चाळलं, आणि चाळणीत माझा भाऊ राहिला.

आपले उबी सोबती आठवडाभरात निघून गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही, कारण मला वाटलं चार दिवसांत चूक दुरुस्त होईल, मग आम्ही दोघं मागून निघू. मी त्या कोठारावरच्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मला रागवता आलं असतं. त्याने मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा भाऊ म्हणजे तोच ना, जो घोडा धरून चिलखतासकट नदी पार करून गेला? आम्ही पुलावरून पाहत होतो. उबी कधी असे पोहतात?"

मी म्हटलं, "त्याला शिकवलं, साहेब."

"पोहणं शिकवलं असेल. पण सगळ्यांच्या पुढे जाणं? ते रक्तात लागतं."

मी वक्तृत्व शिकलो आहे. या वाक्याला उत्तरं आहेत, जिन्यावरून उतरताना मला तीन सुचली. तो म्हणाला, नियम साधा आहे, दोन उबी साक्षीदार आण, भाऊ चालणार नाही. तेव्हा या शहरात माझ्या माहितीचा उबी मी एकटा उरलो होतो. मी शोधले. बंदरावर, गवंड्यांच्या वस्तीत, नव्या सैनिकांच्या तळावर. एक सापडला, पण तो इथेच जन्मलेला. म्हणाला, "दादा, मला आपली भाषा येत नाही, मी काय साक्ष देऊ? माझीच कुणी मागितली तर पंचाईत."

तेव्हा त्या अधिकाऱ्यानेच एक वाट काढली. तो म्हणाला, बोलीवरून माणूस ओळखता येतो, मी एका जाणत्याला बोलावतो. मला बरं वाटलं. त्याने वास्सो नावाच्या घोड्यांच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला आणवलं. वास्सो बटावी, पण रोमचा नागरिक, सगळी हयात इथे काढलेला, त्याच्यावर कुणाचा संशय नाही. हाल्डावोला बाहेर आणलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण तेव्हा तो चालत होता. अधिकारी म्हणाला, "घरी बोलतोस तसं बोल." हाल्डावोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आईच्या स्वयंपाकाबद्दल बोल. तो बोलायला लागला, चुलीबद्दल, दुधाच्या मडक्याबद्दल, तू एकदा मध सांडलास आणि मार त्याने खाल्ला त्याबद्दल. गोष्टी आपल्या घरच्या होत्या, शब्द छावणीचे होते. इतकी वर्षं बटाव्यांच्यात उठबस करून त्याची जीभ तशी वळली होती. मधूनच एखादा शब्द आपला यायचा आणि तो स्वतःच तो दुरुस्त करून बटावी करायचा, जसं पंगतीत कुणी सांडलेलं शीत उचलतं तसं.

वास्सोचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने उठून त्याला मिठी मारली, म्हणजे त्याच्या छातीपर्यंतच पोचला, आणि म्हणाला, "आमचाच आहे हो हा. अंधारात बोलला तरी ओळखीन. साहेब, आमच्यातलं सोन्यासारखं पोर आहे, त्याला त्रास देऊ नका." अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून हात पसरले, झालं तर, या अर्थाने.

मी वास्सोला दारात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो तिथल्या पायरीवर मटकन बसला. "मला वाटलं, परका आहे म्हणून त्याला हाकलतायत," तो म्हणाला. "आमचा म्हटलं तर सुटेल, असं वाटलं मला. एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं रे, हा तुमचा आहे का म्हणून." तसाच उठून तो आत गेला आणि आपली चूक झाली असं म्हणाला. अधिकारी हसला. "म्हातारबुवा, बटावी बटाव्याला वाचवणार, हे मला कळतं. मघाशी मनापासून बोललात, तेच धरतो."

त्यानंतरही मी दर दोन-तीन दिवसांनी जात होतो. कोठाराच्या मागच्या भिंतीला मीठ ओढून घ्यायची एक खिडकी होती, तिच्यातून बोलता यायचं. एकदा मी त्याला सरळ विचारलं, तू जाणूनबुजून सांगितलंस का? तो हसला. "जाणूनबुजून सांगायला मी काय तू आहे? त्याने विचारलं कोण, मी सांगितलं. तुझ्यासारखं आधी तीन बाजूंनी बघून बोलायचं असतं तर मी अजून त्या मेजासमोर उभा असतो." मग म्हणाला, "पण दादा, नंतर कळलं तेव्हा वाईट नाही वाटलं. इमेरिक्स आत असता आणि मी बाहेर, ते बघवलं नसतं." हे वाक्य तुला लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. तू त्याची वाट पाहत होतीस आणि त्याला वाईट वाटलं नाही, हे वाचून तुला लागेल. पण तो जसा आहे तसाच तुझ्यापर्यंत पोचावा असं मला वाटतं. मी गाळून पाठवला तर तो माझा भाऊ होईल, तुझा नाही.

त्या कोठारात जमीन कधी वाळत नाही. मीठ ओल ओढून घेतं आणि धरून ठेवतं. पाऊस सुरू झाल्यावर माणसं खोकायला लागली. हाल्डावो उशिरा पडला, पण पडला तो उठला नाही. खिडकीशी आता इमेरिक्स यायचा. मी विचारायचो, कसा आहे? तो म्हणायचा, "पाणी पितो. तुला शिव्या घालतो. म्हणजे शुद्धीवर आहे." मी आणलेलं सार तो आत नेऊन चमच्याने भरवायचा आणि मडकं परत द्यायचा. बहुतेक वेळा ते अर्धं भरलेलंच असायचं. मग एक दिवस इमेरिक्स म्हणाला, "आज शिव्या नाहीत."

परवा मी गेलो तर खिडकी विटा रचून बंद केलेली. कुणीतरी आत सुरी दिली म्हणे. आता बाहेरच्यांनी भिंतीजवळ जायचं नाही. मी अधिकाऱ्याकडे धावलो. तो सणाच्या तयारीत होता, टेबलावर मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या मांडलेल्या. म्हणाला, आता कचेऱ्या बंद होतील, सॅटर्नेलिया झाल्यावर बघू. मी म्हटलं, साहेब, तो तोवर राहणार नाही. त्याने खरोखरच वाईट वाटल्यासारखं पाहिलं आणि मला एक मेणबत्ती दिली. सणाची भेट. मी ती घेतली. का घेतली, देव जाणे.

बाहेर पडताना फाटकाच्या गजांपाशी इमेरिक्स उभा होता. तो मुद्दाम माझी वाट पाहत थांबला असावा. पहारेकऱ्याने त्याला बोलू दिलं, पूर्वी आमच्याच हाताखाली होता तो. इमेरिक्सचा चेहरा ओढलेला होता. म्हणाला, "तो बोलतो आहे. सारखा बोलतो आहे. पण काय बोलतो ते आम्हाला कळत नाही."

मी म्हटलं, तापात बरळत असेल.

"बरळणं नाही. नीट बोलतो, कुणाला तरी विचारतो, उत्तराची वाट बघतो, परत विचारतो. आमच्या बोलीत नाही. लॅटिन नाही. मी एवढी वर्षं त्याला ओळखतो, ही भाषा मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही." आणि त्याने त्याला आठवत होते तसे दोन-तीन आवाज मला करून दाखवले. वाकडेतिकडे, बटावी तोंडातून आलेले. ते आपले होते, लौबा. पाळण्यातले आपले. एक तुला हाक मारायचा तो लाडाचा शब्द होता. बाकीचे मला ओळखता आले नाहीत.

मी तसाच परत वर गेलो. म्हटलं, साहेब, आता येऊन ऐका, तो उबी बोलतो आहे, याहून मोठी साक्ष कुठली? तो म्हणाला, "ऐकून मला काय कळणार? मला दोन्ही सारख्याच." ते खरंच होतं.

काल दिवसभर मी खोलीत बसून होतो. मासिलिया बंदराच्या वाटेने वर जाणारा एक मडक्यांचा व्यापारी उद्या निघतो आहे, आपल्या वसाहतीपर्यंत जाईल. त्याने मला बरोबर यायला सांगितलं. माझा परवाना वर्षाअखेरपर्यंत चालतो. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, दादा, तू तरी ये. दोघेही जाण्यापेक्षा एक आलेला बरा. तुझं बरोबर आहे. मी ते सगळ्या बाजूंनी तपासलं आणि मला त्यात चूक सापडली नाही.

पण व्यापारी माझ्याशिवाय निघेल, आणि हे पत्र घेऊन येईल. कोठारात बाहेरच्यांना सोडत नाहीत, बटाव्यांना मात्र अजून घेतात. शहरात लपलेला एखादा अधूनमधून सापडतो, त्याला आत ढकलतात. उबी ठरायला दोन साक्षीदार लागतात. बटावी ठरायला एक शब्द पुरतो, तो मी चांगला उच्चारतो. त्याने हाल्डावो वाचणार नाही, हे मला माहीत आहे. पाणी पाजायला तिथे माझ्यापेक्षा मजबूत हात आहेत. मी शूर नाही. आत गेल्यावर मला बाहेर कुणी काढणार नाही, आणि मला खोकल्याची भीती वाटते. यात थोडी ऐटही असेल, मोठा भाऊ म्हणून मिरवण्याची, तीही मी तपासली, आहे थोडी. पण तो कुणाला तरी काहीतरी विचारतो आहे, उत्तराची वाट बघतो आहे, आणि त्या भिंतीच्या आत ते समजणारं एकही माणूस नाही. या शहरात ते समजणारा मी एकटा आहे. म्हणून हे पत्र. तू आमची वाट पाहणं थांबव. तुला मागणी घालणाऱ्या त्या विधुर कुंभाराला आम्ही आल्यावर उत्तर देऊ असं म्हणून तू थांबवून ठेवलं आहेस. त्याला आता हो म्हण, किंवा नाही म्हण, पण आमच्यासाठी थांबवू नकोस. घर तुझं आहे. मी नंतर लिहू शकेन असं वाटत नाही, आणि तो काय विचारत होता ते तुला कळवता येणार नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जे काही असेल त्याचं उत्तर मी तुझ्या वतीनेही देईन.

तुझाच,
फ्रियाट्टो दादा

(रोजनिशीत, त्याच रात्री) उद्या: जाड घोंगडी बघणे, दोघांना पुरेल अशी.